सरासरीच्या पलीकडे पाहणारे प्रशांतचंद्र

भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यातील एका ब्राह्मोसमाजी कुटुंबात झाला. पदार्थविज्ञान शिकण्यासाठी ते केंब्रिजला गेले. पहिल्या महायुद्धामुळे परतीच्या बोटीला विलंब झाला, तेव्हा तेथील ग्रंथालयात ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड त्यांच्या पाहण्यात आले. त्यांनी सारा संच विकत घेतला व प्रवासातच वाचावयास घेतला. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवीत राहिले. मन मात्र आकड्यांत गुंतले.

१९२० साली नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅननडेल यांची भेट झाली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण त्यांनी प्रशांतचंद्रांकडे सोपविले. सुमारे दोनशे पुरुषांच्या उंचीची सरासरी काढून ते थांबले नाहीत. त्या उंची सरासरीभोवती कशा विखुरल्या आहेत, हेही त्यांनी तपासले. या भेदाचे महत्त्व शाळेत रोज जाणवते. दोन वर्गांची सरासरी साठच असते. एकात सारी मुले पंचावन्न ते पासष्टच्या दरम्यान, दुसऱ्यात निम्मी नव्वदीला आणि निम्मी तिसाला. आयतालेख काढला की पहिल्याचा एक उंचवटा दिसतो, दुसऱ्याचे दोन. (केवळ सरासरी विचारून निश्चिंत होणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.)

१९२६ मध्ये ओरिसात महापूर आला. नदीचे पात्र वर आले आहे, म्हणून बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या पाऊस व पाणीपातळीच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत सापडला नाही. पूर आला होता तो वरच्या भागातील अतिवृष्टीमुळे. तेव्हा बांध वाढविण्याऐवजी पाणी वरच अडवावे, असे त्यांनी सुचविले. नदीकाठच्या असंख्य संसारांचा प्रश्न जुन्या नोंदवह्यांतील आकड्यांवर येऊन ठेपला होता.

१९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली, १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक काढले. तागाच्या पिकाची नमुना पाहणी, राष्ट्रीय नमुना पाहणी, दुसरी पंचवार्षिक योजना ही त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष महालनोबिसांबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. पिकाच्या अंदाजासाठी शेताचा किती मोठा तुकडा कापून पाहावा, यावर पां. वा. सुखात्मे यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत मोजली जाऊन पीक वास्तवाहून अधिक दिसते, हे सुखात्म्यांचे म्हणणे मला वजनदार वाटते.

उतारवयात त्यांनी आलेखाची एक नवी रीत मांडली. कुटुंबे दरडोई खर्चाच्या चढत्या क्रमाने लावून त्यांचे समान संख्येचे गट पाडावयाचे, आणि प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर मांडून बिंदू जोडावयाचे. गरिबातल्या गरिबापासून श्रीमंतापर्यंत साऱ्यांची स्थिती एका रेषेत दिसते. हेच काम दोन स्वतंत्र नमुन्यांवर केले की दोन रेषा मिळतात, आणि त्यांमधील जागा पाहणीतील त्रुटी किती ते दाखविते. दोन काळांची तुलना करताना त्यांतील अंतर या त्रुटीहून मोठे असेल, तरच स्थिती पालटली म्हणावयाचे. आपल्या पाहणीतील उणीव चित्रातच उघड मांडणारा हा आलेख मला त्यांच्या साऱ्या कार्यात अधिक प्रिय आहे.

वयाची एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता, २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.