ऑक्साइडांच्या साक्षीने: दिमित्री मेंडेलीव्ह

सायबेरियातील तोबोल्स्क येथे १८३४ साली दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म झाला. वडिलांची दृष्टी गेल्यावर आईने काचेचा कारखाना चालवून संसार सावरला. १८४८ मध्ये तोही जळाला. मुलाच्या शिक्षणासाठी ती माउली त्याला घेऊन मॉस्कोला, तेथून सेंट पीटर्सबर्गला गेली. १८५० मध्ये त्याला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला.

१८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्ये अणुभारांच्या क्रमाने मांडली. या मांडणीत त्यांचा मोठा आधार होता ऑक्साइडांचा. सोडियमपासून क्लोरीनपर्यंतच्या ओळीत ऑक्सिजनचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. सोडियमचे ऑक्साइड तीव्र आम्लारिधर्मी, ॲल्युमिनियमचे उभयधर्मी, तर गंधकाचे आम्लधर्मी असते.

बेरिलियमचे ऑक्साइड ॲल्युमिनियमसारखे समजून त्याचा अणुभार तेव्हा १४ च्या सुमारास धरला जाई. ते मॅग्नेशियमसारखे आहे, असे मानून मेंडेलीव्ह यांनी हा आकडा ९ च्या आसपास आणला. प्रचलित आकड्यांविरुद्ध जाण्यात प्रतिष्ठा पणाला लागली होती; १८८४ मध्ये बाष्पघनतेच्या मापनाने त्यांना दुजोरा दिला.

सिलिकॉनखालच्या रिकाम्या जागेला त्यांनी संस्कृत ‘एक’ जोडून ‘एका-सिलिकॉन’ म्हटले. अणुभार ७२, ऑक्साइडची घनता ४.७, असे भाकीत १८७१ मध्ये केले. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. त्याच्या ऑक्साइडची घनता ४.७०३ भरली.

नोबेल न लाभताच १९०७ मध्ये मेंडेलीव्ह निवर्तले. पुढे १०१ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव मिळाले.