महादेवभाई देसाई : कोलाहलातील एकाग्रता

सभोवती शांतता नाही म्हणून काम मनासारखे होत नाही, अशी तक्रार पुष्कळांच्या तोंडी असते. माणसे येतात-जातात, पत्रे साचतात, हाती घेतलेले काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळावे लागते. आणि दिवस मावळला म्हणजे काहीच पुरे झाले नाही, ही खंत मनाला लागून राहते. ही तक्रार खोटी नव्हे. परंतु चित्ताचा विक्षेप बाहेरून किती येतो आणि आतून किती उत्पन्न होतो, याचा विचार क्वचितच केला जातो. तो ज्यांच्या चरित्रावरून उत्तम रीतीने करता येतो, असे एक पुरुष म्हणजे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई होत.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातील सरस या खेड्यात झाला. वडील हरिभाई हे शिक्षक होते. घरची स्थिती बेताची. महादेवभाई सात वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. सुरतेस शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, १९१० साली पदवीधर झाले आणि १९१३ साली कायद्याची परीक्षा उतरले. शिक्षण चालू असतानाच चरितार्थासाठी त्यांनी सरकारी भाषांतर कचेरीत नोकरी धरली होती. पुढे अहमदाबादेस काही काळ वकिली केली; नंतर सहकारी बँकेत तपासनीसाचे काम पत्करले. याच सुमारास मोर्ले यांच्या एका इंग्रजी ग्रंथाच्या गुजराती भाषांतराबद्दल त्यांस पारितोषिक मिळाले. बुद्धी तीक्ष्ण, अक्षर सुंदर, भाषेवर प्रभुत्व. अशा तरुणापुढे अनेक वाटा मोकळ्या होत्या.

अनेक वाटा मोकळ्या असणे हीच पुष्कळदा मनाच्या विक्षेपाची पहिली पायरी ठरते. महादेवभाईंनी ती ओलांडली. १९१५ पासून त्यांचा गांधीजींशी परिचय होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये ते पत्नी दुर्गाबेन यांच्यासह कायमचे त्यांच्याकडे आले. तेव्हा वय पंचवीस. हा निर्णय त्यांनी एकदाच केला. त्यानंतर मृत्यूपर्यंत पंचवीस वर्षे आपण कोणाचे काम करावयाचे, हा प्रश्न त्यांनी पुन्हा उकरून काढला नाही. त्यांच्या एकाग्रतेचे मूळ येथे आहे.

कारण बाह्य परिस्थिती एकाग्रतेस अनुकूल म्हणावी, अशी मुळीच नव्हती. आश्रमातील दिवस सूर्योदयापूर्वीच्या प्रार्थनेने सुरू होई. मग टपाल, भेटीस आलेले पाहुणे, प्रवासाची तजवीज, सभांतील भाषणे, साप्ताहिकांचे लेख. ‘नवजीवन’ गुजरातीत आणि ‘यंग इंडिया’ इंग्रजीत निघे. म्हणून एका भाषेतील मजकूर दुसरीत नेणे हे नित्याचेच काम. पुष्कळसे लेखन तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आणि गर्दीत करावे लागे. पाहुण्याशी बोलताना साचलेली पत्रे आणि पत्रे लिहिताना ताटकळणारा पाहुणा यांची चिंता करीत बसावे, तर यांपैकी एकही काम धड झाले नसते. जे समोर आहे त्यास संपूर्ण मन द्यावे आणि ते संपताच दुसऱ्यासही तितकेच द्यावे, हीच त्यांची रीत होती.

तिची साक्ष त्यांची दैनंदिनी देते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी ती लिहावयास घेतली. लघुलेखनाचे साहाय्य न घेता ते गांधीजींचे संभाषण इतक्या त्वरेने व इतके यथातथ्य टिपीत, की वाचकास प्रत्यक्ष ऐकल्याचा भास व्हावा. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्या सहवासात असताना त्यांनी केलेली टिपणे आजही इतिहासाचे मोठे साधन मानली जातात. आजचे टिपण उद्यावर टाकले की अर्धे नष्ट होते, हे लेखणी धरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. आचरणात ते फार थोड्यांच्या असते. या दैनंदिनीस १९५५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तेव्हा लेखक हयात नव्हते.

अडचण आली असता काम थांबवावयाचे नाही, हाही त्यांचा बाणा होता. १९२१ साली अलाहाबादेस मोतीलाल नेहरूंच्या ‘इंडिपेंडंट’ पत्राची जबाबदारी त्यांच्यावर असताना सरकारने छापखान्याचा मार्ग बंद केला. महादेवभाईंनी पत्र हाताने लिहून, त्याच्या प्रती काढून चालू ठेवले. त्याबद्दल त्यांस एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तिचे इंग्रजी भाषांतर महादेवभाईंनी इतर कामे सांभाळून केले. बार्डोलीच्या कामी गुंतले असताना काही प्रकरणे मात्र प्यारेलाल यांनी केली. स्वस्थपणे अभ्यास करण्यास त्यांस अवसर मिळाला तो १९३३-३४ साली, बेळगावच्या तुरुंगात. तेथे त्यांनी गांधीजींच्या ‘अनासक्तियोग’ या गुजराती गीतानुवादाचे इंग्रजी रूपांतर केले. स्वतःचे संस्कृतचे ज्ञान व विस्तृत वाचन त्यांनी अनुवादात मिसळले नाही. ते वेगळ्या दीर्घ प्रस्तावनेत व टिपांत ठेवले. अनुवादकाचा अहंकार हाही एक विक्षेपच होय, आणि तोही त्यांनी दूर ठेवला होता. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९४६ साली, त्यांच्या निधनानंतर. बारा वर्षे तो पडून राहिला, कारण दिवसाचे काम नेहमीच पुढे उभे असे.

येथेच या चरित्रातील एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. महादेवभाई वर्ध्यास मगनवाडीत राहत. तेथून सुमारे साडेपाच मैल चालत जाणे, काम करणे आणि तितकेच चालत परत येणे, हा क्रम विदर्भाच्या उन्हाळ्यातही चालला. १९३८ मध्ये रक्तदाबाने प्रकृती ढासळली. विश्रांती त्यांस मानवत नसे. चित्तावर त्यांनी जितका ताबा मिळविला, तितकी शरीराची काळजी घेतली नाही.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. १५ ऑगस्टच्या सकाळी हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. वय अवघे पन्नास. गांधीजींनी त्यांच्या देहास स्वहस्ते स्नान घातले. राजवाड्याच्या आवारातच दहन झाले. पुढे १९४४ मध्ये निवर्तलेल्या कस्तुरबांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आज आहे.

महादेवभाईंच्या शारीरिक श्रमांचे अनुकरण वाचकांनी करावे, असे नाही. देह हेही कर्माचेच साधन आहे, आणि त्यास विसावा देणे हाही कर्तव्याचाच भाग होय. अनुकरणीय आहे तो त्यांचा निश्चय. शांत जागा मिळाल्यावर मन स्थिर होईल, या आशेवर जो थांबतो, त्याचे आयुष्य थांबण्यातच जाते. आपले काम कोणते, हे एकदा ठरवावे, आणि समोर असलेल्या कामास त्या वेळेपुरते सर्व मन द्यावे. पत्र लिहावयाचे असेल तर पत्रास, आणि दाराशी माणूस आला असेल तर त्या माणसास.