रावबहादूर धुरंधर : रोजच्या जीवनाचे चित्रकार

चोपड्याच्या बाजाराच्या दिवशीं सातपुड्याच्या पायथ्याकडील भिल्ल व पावरा बंधुभगिनी आपापल्या टोपल्या घेऊन येतात, हें दृश्य आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढून शेंकडों वेळां गेलें असेल. परंतु त्यांतील एका तरी बाईनें पदर कसा खोंचला होता, किंवा डोक्यावरील भारानें तिची मान कोणीकडे कलली होती, असें कोणी विचारिल्यास आपणांस सांगतां येणार नाहीं. आपण पाहतों, परंतु लक्ष देत नाहीं. ज्या गृहस्थांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांनीं आपलें सर्व आयुष्य असें लक्ष देण्यांत घालविलें.

चित्र काढावयाचें तें राजाचें, देवादिकांचें किंवा रणांगणाचें, असा समज पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं असे. स्कॉटलंड देशांत डेव्हिड विल्की (१७८५–१८४१) नांवाचे एक चित्रकार होऊन गेले. ते एका खेड्यांतील मंडळीच्या पाळकाचे पुत्र होते. १८०४ सालीं त्यांनीं आपल्याच भागांतील पिटलेसी गांवच्या जत्रेचें चित्र काढिलें, आणि त्यांत शेजारपाजारचीं शंभरावर माणसें रंगविलीं. गांवची माणसें चित्रांत बसण्याच्या योग्यतेचीं आहेत, हें त्यांनीं आपल्या देशाला दाखविलें. आपल्या महाराष्ट्रांत तेंच कार्य ज्यांच्या हातून झालें, त्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे.

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजीं कोल्हापुरांत, पाठारे प्रभु ज्ञातींतील एका कुटुंबांत झाला. त्या शहरीं अबालाल रहिमान यांच्या हातच्या चित्रांचा लौकिक होता. तीं पाहून या मुलाच्या मनांत चित्रकलेची ओढ उत्पन्न झाली. १८९० सालच्या जानेवारी महिन्यांत ते मुंबईस आले व सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत त्यांनीं नांव घातलें.

त्या वेळीं जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे मुख्य होते. या साहेबांचें नांव खानदेशांतील वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण आपल्या जळगांवच्या दक्षिणेस डोंगरांत जीं अजिंठ्याचीं लेणीं आहेत, त्यांतील भिंतींवरील चित्रांच्या नकला त्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या. त्या भिंतींवरही राजवाड्यांच्या जोडीला दासदासी, वाटसरू व शिकारी आहेतच. ग्रिफिथ्स स्वतःही या देशांतील साध्या लोकांचीं चित्रें काढीत. असे गुरु लाभल्यावर शिष्याची दृष्टि घराकडे व रस्त्याकडे वळावी, यांत नवल नाहीं.

१८९५ सालीं धुरंधर यांच्या ‘आलीस का ग लक्ष्मी’ या चित्रास मुंबईच्या आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. घरांतील स्त्रियांची वागणूक, त्यांचीं लुगडीं, दागिने, उभें राहण्याची ढब, हें सर्व त्यांच्या कुंचल्यास जणूं पाठ होतें. पुढील सालीं ते त्याच शाळेंत शिक्षक झाले. त्यांची पहिली पत्नी बापूबाई तरुण वयांतच निवर्तली. परंतु या दुःखानंतरही त्यांचा हात थांबला नाहीं. दिवसा शिकविणें व उरलेल्या वेळीं चित्रें काढणें, हा क्रम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविला.

मोठ्या चित्रांचे धनी संस्थानिक व श्रीमंत लोक असत. परंतु धुरंधर यांची कला छापखान्याच्या द्वारें गरिबांच्याही हातीं पोंचली. त्यांनीं पोस्टकार्डांवर मुंबईच्या रस्त्यांतील माणसें काढिलीं, जाहिराती रंगविल्या, आणि पुष्कळ ग्रंथांस चित्रें दिलीं. किंकेड साहेबांनीं इंग्रजींत सांगितलेल्या महाराष्ट्रांतील व्रतकथांचें पुस्तक १९१४ सालीं निघालें. त्यांतील चित्रें धुरंधरांचीं आहेत. १९२० सालीं ऑटो रॉथफील्ड यांचा हिंदुस्थानांतील स्त्रियांविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठीं त्यांनीं ४८ रंगीत चित्रें काढिलीं. त्यांत उंची वस्त्रें ल्यालेल्या कुलीन स्त्रिया आहेत, तशीच कोळीण आहे आणि भिल्ल मुलगीही आहे. सर्वांस सारखाच कागद, सारखेच रंग व सारखीच काळजी लाभली आहे.

येथें एक गोष्ट आम्हांस मनांत ठेवून पुढें जातां येत नाहीं. त्या ग्रंथांत स्त्रियांचीं नांवें नाहींत. चित्राखालीं जात, धंदा किंवा प्रांत एवढेंच लिहिलें आहे. परदेशच्या वाचकांस निरनिराळ्या जातींचे नमुने दाखवावे, असा त्या काळच्या पुस्तकांचा रिवाज होता, आणि धुरंधर त्या रिवाजाबाहेर गेले नाहींत. ती भिल्ल मुलगी कोणाची होती, हें त्या पानावरून कोणालाही कळत नाहीं. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या जातीच्याच नांवानें हांक मारण्यांत आली, त्यांस ही उणीव सांगावयास नको. तथापि तिचा चेहरा सुंदर लेखून तो जपला गेला, हेंही तितकेंच खरें आहे.

शाळेंत वरच्या जागा साहेब लोकांकडे असत. १९३० सालीं संचालक रजेवर गेले असतां धुरंधर यांनीं ती जागा संभाळिली. आपल्या लोकांपैकीं त्या जागेवर बसणारे ते पहिलेच. ३१ जानेवारी १९३१ रोजीं ते निवृत्त झाले. त्या शाळेंतील आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या मराठी ग्रंथांत लिहिली. तो १९४० सालीं प्रसिद्ध झाला. १ जून १९४४ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला. त्यांची कन्या अंबिका हीही त्याच शाळेंत शिकून चित्रकार झाली, आणि २००९ सालीं मरेपर्यंत तिनें वडिलांचीं चित्रें जिवापाड जपलीं. २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें. औंध येथील श्रीभवानी चित्रसंग्रहालयांतही त्यांचीं चित्रें आहेत. तिकडे जाणें झाल्यास वाचकांनीं तीं अवश्य पाहावीं.

हें चरित्र लिहितांना आमच्या मनांत गांवोगांव फिरणारे आमचे उपदेशक व शिक्षक होते. रोज त्याच दारीं जावें लागलें म्हणजे माणसें ओळखीचीं होतात आणि मग दिसेनाशीं होतात. पाणी भरणारी, जळण आणणारी, कापूस वेंचणारी बाई ही डोळे भरून पाहण्यासारखी आहे, हें धुरंधर यांनीं वर्षानुवर्षें शिकविलें. त्यांच्या हातून जें राहिलें, तें करणें आपणांपैकीं कोणासही कठीण नाहीं. त्यास कुंचला लागत नाहीं. उद्यां बाजारांत ती भेटली, तर लक्ष देऊन पाहावें, आणि तिचें नांव विचारावें.