मागे राहिलेल्यांचे ऋण

काळ्या पाण्यावरून निसटलेल्या कैद्याची कथा बहुधा त्याच्या सुटकेपाशी संपते. आयरिश बंडखोर जॉन बॉयल ओरायली यांच्या चरित्राचे खरे मोल मात्र सुटकेनंतरच्या सात वर्षांत आहे.

१८४४ साली आयर्लंडच्या मीथ परगण्यात जन्मलेले ओरायली १८६३ मध्ये ब्रिटिश घोडदळात भरती झाले. पुढे फेनियन या गुप्त क्रांतिसंघटनेत सामील होऊन त्यांनी आयरिश शिपायांना तिची शपथ देण्यास आरंभ केला. १८६६ मध्ये कट उघडकीस आला. लष्करी न्यायालयाने ठोठावलेली देहान्ताची शिक्षा कमी होत वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आली आणि जानेवारी १८६८ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात उतरले. त्यांना नेणारे 'हूगोमाँ' हे त्या खंडात कैदी आणणारे अखेरचे जहाज. प्रवासात फेनियन कैद्यांनी एक हस्तलिखित पत्र चालविले होते. भावी संपादकाची उमेदवारी तेथेच झाली म्हणायची!

फेब्रुवारी १८६९ मध्ये बनबरीनजीकच्या रानातून, रस्ते बांधणाऱ्या तुकडीतून ते निसटले. योजना मॅकेब नावाच्या धर्मोपदेशकाची होती. परंतु ठरलेले देवमाशांच्या शिकारीचे अमेरिकी जहाज त्यांची होडी न दिसताच निघून गेले. काही दिवस लपून काढल्यावर 'गॅझेल' या दुसऱ्या जहाजाने त्यांना घेतले. लिव्हरपूलहून त्यांना अमेरिकेस पोहोचविणाऱ्या जहाजाचे नाव, योगायोग असा की, 'बॉम्बे' होते.

बोस्टनमध्ये 'पायलट' पत्राचे संपादकपद व कवी म्हणून कीर्ती लाभल्यावर त्यांना स्वस्थ बसता आले असते. इकडे सरकारने १८६९ व १८७१ मध्ये मुलकी फेनियन कैद्यांना माफी दिली; शिपाई कैद्यांना वगळले. शिपायांना शपथ देणारा बोस्टनमध्ये मोकळा, आणि तीच शपथ घेतलेले शिपाई फ्रीमँटलच्या तुरुंगात! जॉन डेव्हॉय या जुन्या सहकाऱ्याने त्यांच्या सुटकेची खटपट आरंभिली, तेव्हा शिकारी जहाज धाडण्याचा मार्ग ओरायली यांनीच सुचविला. एप्रिल १८७५ मध्ये न्यू बेडफर्डहून निघालेल्या 'कॅटाल्पा'ने वर्षभराने सहा कैद्यांना उचलले. पाठलागावरील सरकारी आगबोटीपुढे कप्तान अँथनी यांनी अमेरिकेचा ध्वज दाखविला, आणि तोफ असूनही ती परतली. ऑगस्ट १८७६ मध्ये सहाही जण न्यूयॉर्कला पोहोचले.

ओरायली १८९० मध्ये निवर्तले. आयर्लंडच्या भूमीवर त्यांना पुन्हा पाऊल ठेवता आले नाही.