गर्भ आईच्या पोटात टिकतो कसा? हा प्रश्न मांडणाऱ्या पीटर मेडावर यांची गोष्ट

आयव्हीएफच्या दोन-तीन सायकल फेल गेल्या की वेटिंग रूममध्ये एक नवा शब्द कानावर पडतो. एनके सेल, म्हणजेच नॅचरल किलर सेल. कोणीतरी सांगतं, गर्भाशयातल्या या पेशी गर्भाला परका समजून मारतात, म्हणून तो रुजत नाही. मग टेस्ट, मग स्टेरॉइड, मग सलाईनसारखं चढवलं जाणारं इंट्रालिपिड. प्रत्येकाचं बिल वेगळं.

पण आईचं शरीर स्वतःच्याच बाळाला परकं समजेल, हा विचार आला कुठून? त्यामागे आहेत पीटर मेडावर. आडनाव ऐकून आपल्याकडचे वाटतील, पण नाहीत. वडील लेबनॉनचे, आई ब्रिटिश, आणि जन्म २८ फेब्रुवारी १९१५ चा, ब्राझीलमधला. शिकले इंग्लंडमध्ये. ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र केलं आणि १९३७ मध्ये जीन टेलर यांच्याशी लग्न केलं. याच जीन पुढे कुटुंबनियोजनाच्या कामासाठी ओळखल्या गेल्या.

तर झालं असं की, १९४० मध्ये, ऐन महायुद्धात, ऑक्सफर्डला मेडावर यांच्या घराजवळ एक बॉम्बर विमान कोसळलं. आतला एक जवान भयंकर भाजला होता. डॉक्टरांनी मेडावरना विचारलं, काही करता येईल का? तोवर मेडावर प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात रमलेले होते. दुसऱ्याची त्वचा लावली तर ती काही दिवसांत गळून पडते, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. का गळते, हे मात्र पक्कं कोणालाच सांगता येत नव्हतं.

ते ग्लासगोला गेले. तिथे टॉम गिब्सन या सर्जनबरोबर त्यांनी एका भाजलेल्या तरुणीवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावून पाहिले. ते गळाले. मग त्याच भावाचे तुकडे पुन्हा लावले, तर ते आणखी लवकर गळाले. म्हणजे शरीराला आधीची भेट लक्षात होती! परकी त्वचा नाकारण्याचं काम रोगप्रतिकारशक्ती करते, हे यातून दिसलं. १९४३ मध्ये दोघांनी ते छापलं.

पुढचं वळण गाईच्या गोठ्यातलं. जुळी वासरं एकसारखी की वेगळी, हे ओळखायला मेडावर यांनी साधा उपाय सुचवला होता. एकाची त्वचा दुसऱ्याला लावायची, वेगळी असतील तर गळेल. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची त्वचा स्वीकारली. उपाय सपशेल फसला. कारण शोधताना अमेरिकेतल्या रे ओवेन यांचं १९४५ चं काम हाती लागलं. या जुळ्यांचं रक्त गाईच्या पोटात असतानाच एकमेकांत मिसळलेलं असतं. मग मेडावर, रुपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठं झाल्यावर त्या उंदरांनी त्याच जातीची त्वचा विनातक्रार स्वीकारली. हे १९५३ मध्ये छापून आलं आणि १९६० मध्ये मेडावर यांना फ्रँक बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं.

त्याच १९५३ मध्ये त्यांचा आणखी एक लेख आला, आणि आपला विषय तिथला आहे. गर्भात निम्मे गुण वडिलांचे, म्हणजे आईसाठी तो अर्धा परकाच. मग भावाची त्वचा काही दिवसांत फेकून देणारं शरीर गर्भाला नऊ महिने कसं सांभाळतं? त्यांनी तीन शक्यता मांडल्या. मधे वारेची भिंत असावी, गर्भाची परकी ओळख तयार झालेली नसावी, किंवा आईची प्रतिकारशक्ती सुस्त पडत असावी.

पुढच्या संशोधनात तिन्ही उत्तरं अपुरी ठरली. आई आणि गर्भाच्या काही पेशी एकमेकांकडे जातात. गरोदर बाईची प्रतिकारशक्तीही झोपलेली नसते. प्रश्न मात्र इतका नेमका होता की प्रजननातल्या प्रतिकारशक्तीचा अभ्यासच त्यावर उभा राहिला.

१९६९ मध्ये एक्झिटरच्या कॅथेड्रलमध्ये वाचन करत असताना मेडावर यांना स्ट्रोक आला. वय ५४. डावी बाजू लुळी पडली, तरी ते लिहीत राहिले. १९७८ मध्ये जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ त्यांच्या हयातीतच जन्मलं. १९८६ मध्ये आत्मचरित्र आलं, ज्याच्या नावात त्यांनी स्वतःला विचार करणारा मुळा म्हटलंय. २ ऑक्टोबर १९८७ ला ते गेले.

गर्भाशयातल्या एनके सेलचं काम बरंचसं त्यांच्यानंतर उलगडलं. १९७५ च्या सुमारास या पेशींना किलर नाव पडलं, ते त्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारताना दिसल्या म्हणून. गर्भाशयाच्या अस्तरातल्या एनके सेल वेगळ्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. त्या मारत फारसं नाहीत. वारेच्या पेशी त्यांच्याशी संपर्कात येतात आणि आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत होते, म्हणजे बाळाला पुरेसं रक्त मिळतं. म्हणूनच हातातून काढलेल्या रक्तातला एनके सेलचा आकडा गर्भाशयात काय चाललंय ते सांगत नाही. या पेशी दाबायला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड आणि इंट्रालिपिडने बाळ होण्याची शक्यता वाढते, याला पुरेसा पुरावा नाही, असं ब्रिटनची आयव्हीएफवर देखरेख करणारी सरकारी संस्थाही सांगते.