निरोगी बाळांच्या वैद्य : डॉ. सारा जोसेफिन बेकर

आजारी मुलास वैद्याकडे न्यावे, हे कोणत्याही आईस शिकवावे लागत नाही. परंतु हसत्याखेळत्या तान्ह्यास वजनासाठी व तपासणीसाठी दवाखान्याची पायरी चढवावी, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी फारच थोड्या डॉक्टरांच्या ध्यानी आली होती. न्यूयॉर्कसारख्या अफाट शहराच्या गळी ती ज्या बाईंनी उतरविली त्यांचे चरित्र, विशेषतः आमचे जे वाचक घरोघर जाऊन लोकांच्या सुखदुःखाची विचारपूस करितात, त्यांस उपयोगी वाटेल.

सारा जोसेफिन बेकर ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ रोजी अमेरिकेत हडसन नदीकाठच्या पुकिप्सी गावी झाला. वडील वकील होते व घरी खाऊनपिऊन सुख होते. पण सारा सोळा वर्षांची असता भाऊ व वडील थोड्याच अंतराने वारले. वडिलांस विषमज्वराने नेले. मागे आई व एक बहीण राहिली, आणि घर चालविण्याचा भार ह्या मुलीने आपल्या शिरी घेतला. आपण डॉक्टर व्हावे असे तिने ठरविले, तेव्हा पुष्कळांनी तिला वेड्यात काढिले.

न्यूयॉर्क येथे एलिझाबेथ व एमिली ब्लॅकवेल ह्या भगिनींनी चालविलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात ती दाखल झाली. तेथे घडलेली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. निरोगी मूल कसे वाढते एवढाच ज्याचा विषय, असा एक अभ्यासक्रम डॉ. ॲनी डॅनियल ह्या बाई शिकवीत असत. रोगच नाही तेथे शिकावयाचे ते काय, असे वाटून साराने तिकडे दुर्लक्ष केले आणि परीक्षेत ती नापास झाली! मानी स्वभावाची असल्यामुळे तिने तो विषय पुन्हा इतक्या ईर्षेने वाचून काढिला की, ज्याचा कंटाळा होता त्याचीच तिला गोडी लागली. पुढचे सारे आयुष्य त्याच विषयात गेले.

१८९८ साली पदवी मिळाली. पण बाई डॉक्टरकडे रोगी फारसे येईनात. म्हणून त्यांनी नगराच्या आरोग्यखात्यात तपासनिसाची नोकरी धरिली. भर उन्हाळ्यात गरिबांच्या चाळींचे जिने चढून आजारी तान्ही शोधावयाची, हे त्यांचे काम. कोंदट खोल्या, उघडे व नासके दूध, आणि हगवणीने सुकून गेलेली लेकरे! उन्हाळ्यात मुले जावयाचीच, असे मानून आया मुकाट्याने बसलेल्या असत. डॉक्टरीणबाई पोहोचेपर्यंत बहुधा करण्यासारखे काही उरलेले नसे. येथे त्यांस आपला नापास झालेला विषय आठवला असेल काय? आजारानंतर जाऊन उपयोग नाही, मूल धडधाकट आहे तोच त्याच्या दाराशी गेले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला.

१९०८ च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी असल्यामुळे शाळांतील परिचारिका मोकळ्या होत्या. त्यांपैकी तीस जणी बेकरबाईंनी मागून घेतल्या. शहराच्या पूर्व भागातील एक अतिशय दाट वस्ती निवडली. जन्माच्या नोंदवहीतून नवजात बालकांचे पत्ते रोज काढावयाचे व लगेच परिचारिकेने त्या घरी जावयाचे. तेथे काही औषध द्यावयाचे नव्हते. बाळास अंगावरच पाजावे, खिडकी उघडी ठेवावी, रोज न्हाऊ घालावे, उन्हाळ्यात दुपट्यांत घट्ट गुंडाळून ठेवू नये, एवढेच समजावून सांगावयाचे. उन्हाळा सरल्यावर हिशेब केला, तो त्या एका वस्तीत मागील वर्षापेक्षा १,२०० मुले कमी दगावली होती! शहराच्या इतर भागांत मात्र मरण पूर्वीसारखेच होते.

त्याच वर्षी शहराने बालआरोग्याचे स्वतंत्र खाते उघडून बाईंस त्याचे प्रमुख नेमिले. हाताखालच्या सहा पुरुष डॉक्टरांनी राजीनामे पुढे केले. बाईंनी त्यांस एक महिना थांबून पाहण्याची विनंती केली. महिना संपला, पण गेला कोणीच नाही.

पुढे शहरात ठिकठिकाणी दुधाची केंद्रे निघाली. आया तेथे चांगले दूध नेत व बाळास दाखवीत. बाळाचे वजन करून लिहून ठेवीत. ह्यातील मर्म असे की, ताप किंवा हगवण दिसण्यापूर्वीच पुष्कळदा वजन वाढावयाचे थांबते. जे आईच्या डोळ्यांस दिसत नाही ते तराजू सांगतो. अंगणवाडीतील वजनाचा तक्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको.

आया कामावर जात तेव्हा धाकट्या भावंडांस थोरल्या मुलीच सांभाळीत. म्हणून त्या मुलींचेही बाईंनी वर्ग काढिले. सुईणींस शिक्षण व परवाने दिले. रुग्णालयातील टाकून दिलेली अर्भके, स्वच्छता असूनही, मरत असत. ती त्यांनी गरीब मातांच्या घरी सांभाळावयास दिली, आणि मांडीवर घेणारे कोणी मिळताच त्यांतील पुष्कळ अधिक जगू लागली. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीपेक्षा चाळीतली मांडी बरी ठरली!

ब्रुकलिन भागातील तिसांहून अधिक डॉक्टरांनी तर नगराध्यक्षांकडे अर्ज केला की, मुले आजारीच पडत नसल्यामुळे आमचा धंदा बसत आहे, सबब हे खाते बंद करावे. बाईंस ह्याचे वाईट वाटले नाही. आपल्या कामाची ह्याहून मोठी प्रशंसा होणे नाही, असेच त्यांनी मानिले.

बाईंनी हे काम हाती घेतले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४४ मुले वर्षाच्या आत मरत. १९२३ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा ही संख्या सुमारे ६६ वर आली होती. १९३९ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.