हाफिज इब्ने हजर (रह.) आणि प्लेगचा काळ

वाचकहो, सहीह बुखारीचा दर्स जिथे दिला जातो, तिथे हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांचे नाव निघाल्यावाचून दिवस सरत नाही. त्यांचा ‘फतहुल बारी’ हा भाष्यग्रंथ मदरशांच्या कपाटांत ओळीने उभा असतो. त्याच लेखणीतून उतरलेला ‘बज्लुल माऊन फी फज्लित ताऊन’ हा ग्रंथ मात्र आपल्याकडे क्वचितच उघडला जातो. ताऊन म्हणजे प्लेग. हा ग्रंथ पूर्ण होईपर्यंत त्या रोगाने लेखकाच्या तीन मुली नेल्या होत्या. ते ध्यानी ठेवून आपण या थोर पुरुषाचे चरित्र पाहू या.

त्यांचा जन्म हिजरी ७७३ (इ.स. १३७२) मध्ये कैरो येथे झाला. आई अगदी लहानपणी गेली, वडिलांचे छत्रही पाचव्या वर्षापूर्वीच हरपले. वडील बहीण सित्तुर्रक्ब हिने त्यांना माया दिली आणि एका श्रीमंत व्यापारी पालकाने शिक्षणाचा भार उचलला. नवव्या वर्षी कुरआन मुखोद्गत झाले. बाराव्या वर्षी मक्केत, मस्जिदे हरममध्ये, त्यांनी तरावीहची इमामत केली. पुढे हाफिज इराकी (रह.) यांच्या सहवासात दहा वर्षे हदीसशास्त्राची साधना झाली. हिजरी ७९८ मध्ये उन्स खातून यांच्याशी विवाह झाला. या भगिनी स्वतः हदीसच्या जाणकार होत्या आणि पुढे त्यांच्यासमोर बसून विद्यार्थी हदीस वाचीत असत. घरात मुलींची गजबज होती.

हिजरी ८१९ (इ.स. १४१६) मध्ये कैरोत प्लेग आला. फातिमा आणि आलिया या दोन मुली त्यात गेल्या. आलिया जेमतेम बारा वर्षांची होती. त्याच वर्षी पित्याने या रोगाविषयीच्या हदीसा एकत्र करावयास आरंभ केला. ‘फतहुल बारी’चे काम सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आता, वाचकहो, या ग्रंथातील विवेचनाकडे वळू या. त्या काळचे वैद्य मानीत की हवा दूषित झाली म्हणजे प्लेग उद्भवतो. इब्ने हजर (रह.) यांना हे पटेना. हवा तर सर्वांची एकच; मग एक घर ओस पडते आणि शेजारचे सुखरूप राहते, हे कसे? उत्तम हवामानाच्या प्रदेशात आणि प्रसन्न ऋतूत हा रोग का फोफावतो? त्यांचा आक्षेप बिनतोड होता. उत्तरासाठी मात्र ते हदीसकडे वळले आणि जिन्नांच्या अदृश्य टोचणीने हा रोग होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. वैद्य केवळ बुद्धीला गवसते तेवढेच सांगू शकतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्याशी याचा विरोध मानण्याचे कारण नाही, असेही त्यांनी नमूद केले.

त्यांनी पाहिलेल्या विषमतेचे दृश्य कारण मानवाला सुमारे साडेचारशे वर्षांनी उमगले. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. १८९८ मध्ये सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले की हा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवा वाहून नेतात. ज्या घरात उंदीर मेले, त्या घरातील पिसू भुकेने माणसाकडे वळते. तिने चावा घेतला की जांघेत, काखेत वा मानेत गाठ येते आणि तीव्र ताप चढतो. जंतू फुप्फुसांत पोहोचला तर मात्र पिसवेची गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातील तुषारांतून तो थेट दुसऱ्या माणसात शिरतो, आणि असा रोगी उपचारांवाचून सहसा वाचत नाही. आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविके वेळीच दिली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. आपल्या मुंबईने १८९६ चा प्लेग भोगला. तिथेच जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

संसर्गाच्या प्रश्नावर इब्ने हजर (रह.) यांचे मत आज आपल्याला स्वीकारता येणार नाही, हे मी आदर राखूनच लिहितो. संसर्ग नाही, असे सांगणारी हदीस आहे आणि महारोग्यापासून दूर पळा, असे सांगणारीही आहे. ‘नुख्बतुल फिक्र’च्या स्वतःच केलेल्या विवरणात त्यांनी या दोहोंचा मेळ घातला आहे. काही विद्वान म्हणत की रोग आपल्या बळावर लागत नाही, मात्र अल्लाहने निकट वावराला त्याचे निमित्त केले आहे. इब्ने हजर (रह.) यांनी हे मत बाजूस सारले. संसर्ग मुळीच नाही, आणि दूर राहण्याची आज्ञा केवळ श्रद्धा डळमळू नये म्हणून आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. त्यांच्या जन्माच्या सुमारास ग्रॅनाडाचे वैद्य इब्नुल खतीब मात्र अनुभवाच्या बळावर संसर्ग सिद्ध मानीत होते. मदरशात हा पाठ मी तोंडपाठ केला होता. पहिले मतच अधिक सयुक्तिक आहे, हे मला फार नंतर जाणवले.

असे असूनही, कैरोत पुढे जे घडले ते त्यांनी ज्या प्रामाणिकपणे नोंदवले, त्याला तोड नाही. हिजरी ८३३ (इ.स. १४३०) मध्ये प्लेग पुन्हा आला. रबीउल आखिरच्या अखेरीस तो दिसू लागला, तेव्हा रोजचे मृत्यू चाळीसहून कमी होते. लोकांना तीन दिवस रोजे ठेवण्यास सांगण्यात आले आणि जमादिउल अव्वलच्या ४ तारखेला, पावसासाठी जमतात तसे, सारे नगराबाहेरच्या वाळवंटात एकत्र जमले. दुआ झाली, लोक परतले. तो महिना सरण्यापूर्वीच रोजचे मृत्यू हजाराच्या वर गेले आणि वाढतच राहिले. दमास्कसमध्ये हिजरी ७४९ च्या महामारीतही असाच जमाव जमला होता व असेच घडले होते, हेही त्यांनी लिहून ठेवले. अशा सामूहिक मेळाव्याला पूर्वजांच्या आचारात आधार नाही, एकेकट्याने दुआ करावी, असे त्यांचे मत होते. हे लिहिणारा मनुष्य कैरोचे शाफई काझीपद भूषवलेला, आणि संसर्ग न मानणारा होता. आपल्या सिद्धांताला अडचणीचे ठरतील असे आकडे त्यांनी लपवले नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्या मोहल्ल्यातील काही वडीलधाऱ्यांनी मैदानात सामूहिक दुआ ठेवण्याचा आग्रह धरला. मीही मनाने त्यांच्याच बाजूचा होतो. रात्री हे पान पुन्हा वाचले आणि सकाळी मशिदीतून घोषणा केली की प्रत्येकाने दुआ आपापल्या घरी करावी. दोन बुजुर्ग बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

प्लेग असलेल्या गावात जाऊ नये आणि असलेल्या गावातून पळू नये, या प्रेषितांच्या (स.) आज्ञेचे विवेचनही या ग्रंथात विस्ताराने येते. हजरत उमर (रजि.) सीरियाच्या सीमेवरून याच कारणाने परतले होते, हजरत अबू उबैदा (रजि.) आपल्या लोकांसोबत राहिले आणि अमवासच्या प्लेगमध्ये हिजरी १८ मध्ये निवर्तले. जो धीराने तिथेच राहतो त्याला शहीदाचे पुण्य मिळते, ही हदीस इब्ने हजर (रह.) यांनी किती वेळा आणि कोणत्या मनाने लिहिली असेल, याची कल्पना आपण करावी. कारण हिजरी ८३३ च्या त्याच साथीत थोरली मुलगी झैन खातून गेली. ती एकतीस वर्षांची आणि गरोदर होती. चौदा वर्षांपूर्वी आरंभलेला ग्रंथ त्यांनी त्याच वर्षी पूर्ण केला.

‘फतहुल बारी’ हिजरी ८४२ मध्ये, पंचवीस वर्षांच्या परिश्रमांनंतर, हातावेगळी झाली. त्या आनंदाप्रीत्यर्थ कैरोबाहेर मोठी मेजवानी झाली. काझीपद त्यांना अनेकदा मिळाले, अनेकदा गेले. हिजरी ८५२ च्या जिलहिज्जमध्ये (इ.स. १४४९) ते निवर्तले. जनाजाला सुलतान जकमक स्वतः उपस्थित होता.

झैन खातून गेली तेव्हा तिचा मुलगा यूसुफ पाच वर्षांचा होता. तो आजोबांच्या दर्समध्ये बसून हदीस शिकला, पुढे स्वतः ग्रंथकार झाला, आणि विद्वानांत तो ‘सिब्ते इब्ने हजर’, म्हणजे इब्ने हजर यांचा नातू, याच नावाने ओळखला जातो.